डब्यातला बोल्ट

धाटावच्या एका कंपनीच्या गेटवर मी सत्तावीस वर्षं लोकांचे डबे उघडून पाहिले. शिफ्ट सुटली की माणसं रांगेत उभी राहायची, बाहेर बसवाला हॉर्न वाजवायचा आणि मी एकेकाचं झाकण काढायचो. चपातीच्या घडीत तांब्याची तार, पावाच्या पिशवीत पितळेचा व्हॉल्व्ह. एकदा तर एकाने बेअरिंग आमटीत बुडवून चालवलं होतं, ते मी चमच्याने ढवळून काढलं. तेव्हापासून माझ्या पाठीमागे मला ‘आमटीवाला’ म्हणायचे. मला ते पहिल्याच दिवशी कळलं, कारण पाठीमागे काय चालतं ते कळणं हेच माझं काम होतं.

रिटायर झालो आणि गावी आलो. आमचं गाव कासू आणि नागोठण्याच्या मधलं, अंबा नदीच्या काठचं. बायको, नंदा, पहिल्या महिन्यातच म्हणाली, "कंपनीनं तुमाला सोडलं, पन तुमी गेट घरी घेऊन आलात." दूधवाल्याच्या मापात मी बोट घालून पाहायचो म्हणून ती चिडली होती. चिडू दे. मापाला पोचा होता हे खरंच होतं.

मिळालेल्या पैशातून मी एक मिनी ट्रॅक्टर घेतला, आणि त्याच्यामागे लावायला फिरत्या पात्यांचा रोटर. आमच्याकडची शेतं लहान, बांधाला बांध लागून, मोठा ट्रॅक्टर आत वळतच नाही. भात कापून झालं की जमिनीत पंधरा-वीस दिवस ओल असते. तेवढ्यात रोटर फिरवून वाल पेरले तर पेरले. ओल उडाली की माती विटेसारखी होते आणि वालाचं बी तसंच पाटीत राहतं. त्यामुळे त्या पंधरा-वीस दिवसांत गावात मिनी ट्रॅक्टरवाल्याला जावयासारखा मान असतो. आमच्या भागात असे ट्रॅक्टर दोनच. एक माझा, एक भरत पाटलाचा. भरतचा माझ्याआधी सहा वर्षांपासून होता, आणि माझा आल्यापासून तो माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागला होता. ते मी लगेच लक्षात ठेवलं.

माझी कंबर धरलेली, त्यामुळे मला ट्रॅक्टर चालवता येत नाही. मुलगा प्रविण माझ्याच जुन्या कंपनीत, मेंटेनन्सला, त्याच्या शिफ्ट. मग ड्रायव्हर म्हणून सोमाला ठेवला. सोमा नदीपलीकडच्या वाडीतला, चाळिशीचा, वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवलेला. बोलायला कमी. मला कमी बोलणाऱ्या माणसांचा भरवसा वाटत नाही. गेटवर जास्त बडबड करणारे बहुतेक निर्दोष निघायचे.

पहिल्याच दिवशी त्याने माझ्या डोक्यात किडा सोडला. शेतात ट्रॅक्टर नेला, बंद केला, चपला काढल्या आणि अनवाणी शेतभर चालत सुटला. हळूहळू, पायाने माती चाचपत. मधेच थांबायचा, टाच रोवून बघायचा आणि तिथे निरगुडीची काठी खोचायचा. अर्धा तास गेला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"धोंडं बघतोय, काका. पुराच्या पान्यानं आनलेलं खाली बसतात. रोटरला लागलं तर दणका बसतो. काठी दिसली की मी रोटर उचलून घेईन."

मी एका काठीपाशी जाऊन बुटाच्या टाचेने उकरलं. माती, माती आणि माती. धोंडा काही दिसला नाही. त्या काठ्यांच्या भोवती हातभर जमीन न फिरवता राहिली ते मी पाहून ठेवलं. दुसऱ्याच्या शेतात असं केलं तर नाव माझं खराब होणार होतं.

मग बोल्ट तुटायला लागले.

ट्रॅक्टरच्या मागून एक शाफ्ट निघतो, तो फिरतो म्हणून रोटरची पाती फिरतात. हा शाफ्ट रोटरला जिथे जोडतात तिथे एकच बोल्ट असतो, करंगळीएवढा. तो तुटला की ट्रॅक्टरचा शाफ्ट नुसताच फिरत राहतो आणि पाती थांबतात. मग ट्रॅक्टर बंद करा, अर्धे तुकडे ठोकून काढा, नवा बोल्ट घाला, सतरा नंबरच्या पान्याने आवळा. पंधरा-वीस मिनिटं जातात. पहिल्या दिवशी एक तुटला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक. आणि दरवेळी कुठे तुटला, तर नदीच्या बाजूला, जिथे ओटीवरून मला दिसत नाही तिथे.

एवढं पुरे होतं. माणूस दर दोन तासांनी नजरेआड जातो आणि नेमका तिथेच त्याचा बोल्ट तुटतो, मग तो पंधरा मिनिटं बसून बिडी ओढतो. याला चाळीस शिफ्टचा अनुभव असलेला कुठलाही गेटवाला काय म्हणेल? मी सोमाला सांगितलं की यापुढे तुटलेल्या बोल्टचे दोन्ही तुकडे संध्याकाळी मला आणून दाखवायचे. तुकडे नाहीत तर नवा बोल्ट नाही.

"बरं," तो म्हणाला.

तो रोज तुकडे आणायचा, मातीने माखलेले, आणि मी ते बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. नंदा म्हणाली, "आता ह्यांचं लोनचं घाला." तिला चेष्टा सुचते. मला पुरावा लागतो.

रविवारी प्रविण घरी होता. त्याला मी तुकडे दाखवले. त्याने डोळ्यांजवळ धरले आणि हसला. "बाबा, हे बोल्ट म्हणजे चण्याचं पीठ आहे. आमच्याकडे शटडाऊनला रिअ‍ॅक्टरचे बोल्ट बदलतात. काढलेले नव्यासारखे असतात, भंगारात जातात. साहेबांना विचारून, पास करून आणतो दोन."

आमच्याकडे कंपनीच्या वस्तूवर देवासारखी श्रद्धा. पाणी भरायला कंपनीचा ड्रम, छपराला कंपनीचा पत्रा, गुरांना बांधायला कंपनीचा दोर, लग्नात वाढायला कंपनीचे हातमोजे. बाजारातलं मोडतं, कंपनीचं मोडत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. प्रविणने बोल्ट आणले. जड, चकचकीत, डोक्यावर १०.९ असा आकडा. बाजारच्या बोल्टवर ४.६ होतं. दहा मोठे की चार, हे सांगायला इंजिनीयर लागत नाही.

मी सोमाच्या हातात बोल्ट ठेवला. त्याने तो फिरवून पाहिला, आकडा वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"ह्यो नको, काका."

"का?"

"ह्यो तुटनार नाय."

"अरे, तेच तर पाहिजे."

"नाय. ह्यो तुटाया पायजे. ह्यो तुटतो म्हनून बाकीचं वाचतं. धोंडा लागला तर दणका कुठंतरी जानार. ह्यानं नाय घेतला तर आत गियरला बसंल."

त्या वेळी बांधावर दोन-तीन शेतकरी उभे होते, आपली पाळी कधी येते ते बघायला. मी त्यांच्याकडे वळलो आणि म्हणालो, "ऐकलंत? आमच्या ड्रायव्हरचं म्हणणं आहे, वस्तू मोडली तर ती चांगली. उद्या म्हणेल, टायर पंक्चर झालेलाच बरा." ते हसले. मी पण हसलो. सोमा हसला नाही. त्याने पाना घेतला आणि माझ्यासमोर कंपनीचा बोल्ट आवळला.

त्यानंतर पाच दिवस एकही बोल्ट तुटला नाही. रोज संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात आला की मी कंबरेवर हात ठेवून वाकायचो आणि पाहायचो. कंपनीचा बोल्ट जागेवर, चकचकीत. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला झाला नाही. कारण याचा अर्थ असा की आधीचे बोल्ट मुद्दाम तोडले जात होते. आता तोडता येत नाही म्हणून तुटत नाहीत. मग हा माणूस आता दुसरं काय करत असेल?

चौथ्या दिवशी मी कासूला चाललो होतो, तेव्हा रिक्षातून पाहिलं. सोमा भरत पाटलाच्या खळ्यात उभा होता. भरतने त्याच्या हातात काहीतरी दिलं, सोमाने ते मुठीत घेतलं आणि फडक्यात गुंडाळलं. दोघांनी आजूबाजूला पाहिलं. निदान मला तसं वाटलं. माझा ड्रायव्हर, माझ्या स्पर्धकाच्या खळ्यात, माझ्या ऐन हंगामात. रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता दुपारी काठी टेकत नदीकाठच्या शेताकडे गेलो. ते माझं स्वतःचं शेत. नंदाने वालाचं बी आधीच निवडून ठेवलं होतं आणि आता फक्त तेवढंच फिरवायचं राहिलं होतं. सोमाने सकाळी अनवाणी फिरून काठ्या खोचल्या होत्या, मी मोजल्या, आठ. ट्रॅक्टर सावलीत उभा होता. सोमा नदीवर हात धुवायला गेला होता. त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा ट्रॅक्टरच्या पायरीवर होता.

मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी डबा उचलला. जड होता. झाकण काढलं. वर तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. भाकरी उचलली. खाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं सोडलं आणि माझा कंपनीचा बोल्ट माझ्या हातात आला, १०.९.

खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. दहा दिवस ज्याच्या मागावर होतो ते हातात आलं होतं. सोमा नदीवरून वर आला, मला पाहून थांबला, माझ्या हातातला बोल्ट पाहिला.

"हा डब्यात कसा?" मी विचारलं.

त्याने ओले हात सदऱ्याला पुसले.

"भरतला विकणार होतास? की त्यालाच देऊन टाकायचा ठरला होता?"

"चोरला नाय, काका."

"मग डब्यात भाकरीखाली काय करतोय?"

त्याने पायरीवरचं झाकण उचललं. मग म्हणाला, "जेवनाचा डबा होता म्हनून त्यात ठेवला. खिशाला भोक हाय." मला याहून हास्यास्पद उत्तर सत्तावीस वर्षांत मिळालं नव्हतं. मी त्याला तिथल्या तिथे काढून टाकला. त्याने डबा बंद केला, भाकरी न खाताच, पिशवी खांद्याला अडकवली. जाताना वळून म्हणाला, "ह्यो घालू नका. एवढंच बोलतो."

मी ती धमकी समजलो.

संध्याकाळी नाक्यावरच्या टपरीवर मी सगळ्यांना सांगितलं. सात-आठ माणसं होती, आमच्या गावची, शेजारच्या गावची. बोल्ट टेबलावर ठेवला आणि सांगितलं की सोमा चोर आहे, डब्यात सापडला, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी मोठ्याने बोललो. गेटवर पकडलेल्याचं नाव बोर्डावर लावायचो आम्ही, म्हणजे बाकीच्यांना धाक बसतो. मला वाटलं, हेही तसंच.

दोन दिवसांनी सकाळी सोमाची बायको जानी अंगणात आली. आत आली नाही, तुळशीपलीकडेच उभी राहिली.

"काय गो जानी?" मी म्हणालो. "कामावर परत घ्या म्हणून आली असशील तर उपयोग नाही."

"कामावर नका घेऊ," ती म्हणाली. "नाक्यावर चोर बोललात ते परत घ्या, काका. तेवढंच सांगाया आले. तिकडं कोन त्याला आता शेतात पाय ठेवू देत नाय. भट्टीवाला पन बोलला, तुमचं नाथा म्हात्रे काय बोलले ते ऐकलंय. नावच गेलं तर आमी जायाचं कुठं?"

"डब्यात सापडला, जानी. मी काय खोटं बोललो?"

"सापडला ते खरं. चोर ते खरं नाय."

"मग डब्यात कसा आला ते त्याने सांगावं."

"तो नाय सांगत. मला पन नाय सांगत." ती निघून गेली. नंदा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "चोरी करनारा मानूस जेवायच्या आधी डबा उघड्यावर ठेवून नदीवर जाईल?" मी म्हणालो, सराईत चोर तसंच करतात. पण तिचं ते बोलणं माझ्या कानातून जाईना, आणि म्हणून मला आणखी राग आला.

ओल आता तीन-चार दिवसांचीच राहिली होती. प्रविणने सुट्टी टाकली. मी स्वतः पुढे होऊन नदीकाठच्या शेतातल्या आठही काठ्या उपटल्या आणि बांधावर फेकल्या. रोटरवर बाजारचा बोल्ट होता. तो काढायला लावून कंपनीचा घालायला लावला. तिथे बाजारचा बोल्ट कसा आला हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला, पण मी त्याचं उत्तर एका सेकंदात काढलं: चोराने चांगला काढून त्याजागी हलका घातला. गेटवर असं खूप पाहिलं होतं.

"सरळ रेषेत ने," मी प्रविणला सांगितलं. "काही सोडायचं नाही, इंचभरही नाही."

पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. माती मस्त सुटत होती. नंदा बांधावर पाटी घेऊन उभी होती. तिसऱ्या फेरीला, नदीकडच्या कोपऱ्यात, ट्रॅक्टर जागच्या जागी उडाला. आधी खाली दणका, मग आत कुठेतरी कडाड असा आवाज, आणि मग दगडावर दगड दळल्यासारखी घरघर. प्रविणने इंजिन बंद केलं. ट्रॅक्टरच्या पोटाखालून काळं तेल ठिबकायला लागलं.

प्रविण उतरला, मागे गेला, शाफ्ट हाताने हलवून पाहिला. शाफ्ट वाकला होता. मग त्याने पाना लावला. कंपनीचा बोल्ट दोन आट्यांत हाताने फिरून बाहेर आला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

प्रविण माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, गियर गेले असणार."

आवाज ऐकून पलीकडच्या शेतातून भरत पाटील बांध ओलांडत आला. मला तो त्या क्षणी नजरेसमोर नको होता. तो खाली बसला, तेल बोटाला लावून पाहिलं, त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. मग त्याने रोटरच्या पात्यांमध्ये अडकलेली माती बाजूला केली आणि खालचा धोंडा दाखवला. नारळाहून मोठा, नदीतला, गुळगुळीत. त्याच्याच शेजारी माझ्या बुटाचा ठसा होता, जिथून मी सकाळी काठी उपटली होती तिथला.

"बोल्ट कुठला घातलेला?" त्याने विचारलं.

प्रविणने दाखवला. भरतने कपाळाला हात लावला.

"नाथाभाऊ, सोमा ह्याच्यासाठीच माज्याकडं यायचा."

"कशासाठी?"

"साधे बोल्ट मागाया. तू द्यायचा बंद केलास ना. बोलला, काका कंपनीचा घालाया लावतात, तो तुटनार नाय आनि ट्रॅक्टर मोडंल. मी चार दिले त्याला. सकाळी शेतात आला की तुजा कंपनीचा काढायचा, साधा घालायचा. सांजला घरी जायच्या आधी परत कंपनीचा लावायचा. कारण तू रोज वाकून बघतोस."

मी म्हणालो, "मग त्याने मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. तू बांधावर सगळ्यांसमोर त्याची थट्टा केलीस. मी पन ऐकली ती गोष्ट, गावभर झाली." भरत उठला, हात झटकले. "त्या पाच दिवसांत दोनदा बोल्ट तुटला त्याचा. म्हंजे दोनदा तुजा गियर वाचला. मी त्याला माज्या ट्रॅक्टरवर घेनार होतो. पन लोक बोलतात, चोर नको आमच्या शेतात. तू नाक्यावर बोललास म्हनून."

मी बांधावर बसलो. माझ्याकडे पुरावे होते, एकेक करून गोळा केलेले: काठ्या, नजरेआडची जागा, खळ्यातली भेट, मूठ, डबा. सगळे खरे होते. मी फक्त प्रत्येकाचा अर्थ तोच काढला जो मला काढायचा होता. मला स्वतःची लाज वाटली, आणि इतकी जुनी सवय की त्या लाजेतही मी विचार करत होतो, भरत खोटं तर बोलत नसेल? नंदाने माझ्याकडे पाहिलं, तिला ते कळलं. ती म्हणाली, "आता तरी पुरे करा."

पेणहून मिस्त्री आला, त्याने तळाचं झाकण उघडलं. दोन गियरचे दात साफ गेलेले. सामान बाहेरून मागवावं लागेल, तीन आठवडे धरा, म्हणाला. म्हणजे माझा हंगाम संपला.

त्याच संध्याकाळी मी नाक्यावर गेलो. टपरीवर माणसं होती, बरीचशी तीच. मी कंपनीचा बोल्ट पुन्हा त्याच टेबलावर ठेवला. आधी वाटलं, नुसतं ‘गैरसमज झाला’ म्हणावं. पण मी मोठ्याने चोर म्हटलं होतं, तर हेही मोठ्याने म्हणायला हवं होतं. मी सांगितलं की सोमाने काही चोरलं नाही, तो माझा ट्रॅक्टर वाचवत होता, मी त्याला काढला आणि स्वतःच्या हाताने ट्रॅक्टर मोडला. काठ्या उपटल्याचंही सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "आमटीवाल्याला या वेळी आमटीतच काही सापडलं नाय." सगळे हसले. ते नाव गावापर्यंत कसं पोचलं होतं ते मला माहीत नव्हतं. मी बोल्ट उचलून खिशात टाकला.

तिथून वाडीत गेलो. सोमा घरासमोर जाळं दुरुस्त करत बसला होता. जानीने मला बसायला पाट दिला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "नाक्यावर बोलून आलो. परत घेतलं."

"कळलं," सोमा म्हणाला. नाक्यावरून वाडीत बातमी माझ्याआधी पोचली होती. तो उठून आत गेला आणि मूठ बंद करून बाहेर आला. माझ्या हातावर त्याने चार तुकडे ठेवले. दोन बोल्टचे चार अर्धे, धुऊन पुसलेले.

"तुमी बोललेले, तुकडे आनून दाखवायचे," तो म्हणाला. "हे दाखवाया मिळाले नाय."

मी तुकडे मुठीत घेतले. मी विचारलं, "डब्यात सापडला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी तिथल्या तिथं तोच घालाया लावला असता. नोकरी गेली तरी चालंल, मला वाटलं, जाता जाता घालू नका बोललो ते ऐकून तुमी घाबरून तरी घालनार नाय."

भरतने दुसऱ्या दिवसापासून त्याला आपल्या ट्रॅक्टरवर घेतला. ओल संपायच्या आत माझं नदीकाठचं शेत फिरवून द्या म्हणून मी भरतकडे गेलो, इतरांसारखीच पाळी लावली. पाळी शेवटच्या दिवशी आली. सोमाच आला. चपला काढल्या आणि अनवाणी फिरला, मी बांधावर फेकलेल्या काठ्या गोळा करून एकेक परत खोचल्या, आणि मग भरतचा ट्रॅक्टर आत घेतला. प्रत्येक काठीपाशी रोटर उचलला. एकदा बोल्ट तुटला. मी घड्याळ पाहिलं नाही. नंदा मागून वाल टाकत गेली.

संध्याकाळी काम आटोपून तो अंगणात आला. घाईत माझा सतरा नंबरचा पाना वापरला होता तो परत द्यायला. पाना त्याने माझ्या हातात दिला. मग खांद्यावरची पिशवी उतरवली, डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरला.

"सोमा, ठेव तो," मी म्हणालो.

"बघा, काका."

"अरे, सगळ्यांसमोर बोललो ना मी. आता काय बघायचं?"

"बघा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, रागही नव्हता. "तुमी बघितलात की मी घरी जातो. नाय बघितलात तर उद्या काय हरवलं की तुमाला ह्यो डबा आठवंल."

ओटीवर नंदा रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. सत्तावीस वर्षांत हजारो डबे पाहिले, पण कुणाच्या डब्यात पाहताना माझी मान अशी खाली गेली नव्हती. मी कंबरेवर हात ठेवला, वाकलो आणि पाहिलं. डबा नदीच्या पाण्याने धुतलेला होता. तळाला वाळूचे दोन कण होते.

"हाय काय?" त्याने विचारलं.

"नाय," मी म्हणालो.

मग त्याने झाकण लावलं आणि वाडीच्या वाटेला लागला.